‘त्या’ गोळ्या चालू ठेवा

मी चौसष्ट वर्षांचा आहे. भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये टूलरूमला, म्हणजे साचे बनवायच्या खात्यात, नोकरी केली, आता निवृत्त होऊन थेरगावात राहतो. मला एचआयव्ही आहे. हे वाक्य लिहिताना मी एकदा दाराकडे बघितलं. घरात कुणी नाही, बायको भाजीला गेली आहे, तरी बघितलं. चौदा वर्षांची सवय आहे.

मला लिहिता येत नाही फारसं. पण एआरटी सेंटरवर, म्हणजे सरकारी दवाखान्यात जिथे आम्हाला एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, आता माझ्या वयाची बरीच माणसं दिसतात. पूर्वी आम्ही म्हातारे होऊ असं कुणाला वाटलं नव्हतं, आम्हालाही नाही. आता झालो. मग बीपी आलं, साखर आली, गुडघे आले, हृदय आलं. प्रत्येकाचा डॉक्टर वेगळा आणि गोळ्या वेगळ्या. त्या गोळ्या पोटात एकमेकींना भेटल्यावर काय होतं, ते मी भोगलं. म्हणून लिहितो.

*

पन्नाशीत असताना महिनाभर ताप येत होता, वजन उतरत होतं. तपासणीला विमल, माझी बायको, बरोबर आली होती. रिपोर्ट देणाऱ्या बाईंनी तिला बाहेर बसायला सांगितलं तेव्हाच मला कळलं. पुढचं त्या काय बोलल्या ते आठवत नाही. टेबलावरच्या काचेखाली एक जुनं कॅलेंडर दाबून ठेवलं होतं, तेवढं आठवतं.

विमलची तपासणी झाली. तिला नव्हता. ती माझ्याबरोबर रिक्षात बसली. डांगे चौक आला तेव्हा म्हणाली, “सचिनला सांगायचं नाई. त्याची बारावी हाय.”

बारावी झाली. मग त्याचा डिप्लोमा, मग चाकणची नोकरी, मग लग्न. प्रत्येक वेळी आम्ही म्हणायचो, एवढं होऊन जाऊ दे. मुलगा मोशीला फ्लॅट घेऊन राहायला गेला, तरी आमचं सांगणं झालं नाही.

मधल्या काळात माझ्या पहिल्या गोळ्या चालेनाशा झाल्या आणि दुसऱ्या सुरू झाल्या. त्या मात्र मानवल्या. दर महिन्याला सेंटरवर जायचं, जयश्री मॅडम डबी उलटी करून उरलेल्या गोळ्या मोजायच्या, “काका, शंभर टक्के” म्हणायच्या आणि पुढची डबी द्यायच्या. जयश्री मॅडम तिथल्या फार्मासिस्ट. इतकी वर्षं विषाणू रिपोर्टमध्ये दिसलासुद्धा नाही. मला वाटायला लागलं होतं की आपण सुटलो.

*

गेल्या वर्षी एका सकाळी भाजी घेऊन परतताना जबडा दुखायला लागला. दाढ असेल म्हणून चार पावलं चाललो. मग डावा हात जड झाला आणि घामानं शर्ट भिजला. एका रिक्षावाल्यानं मला जवळच्या खाजगी हॉस्पिटलात नेलं. हार्ट अटॅक होता.

विमल धावत आली. आधीची काही औषधं चालू आहेत का, असं डॉक्टरांनी विचारल्यावर तिनं त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. काही लपवलं नाही. डॉक्टर सरळ उभे राहिले, हातमोज्यांवर दुसरे हातमोजे चढवले आणि मला आत घेतलं. त्यांनी हृदयाच्या नळीत स्टेंट टाकला, जीव वाचवला. ते उपकार मी विसरणार नाही.

पण त्यानंतर माझ्या फाइलवर लाल अक्षरं आली. पलंगाला लाल चिठ्ठी आली. जेवणाचं ताट दारातल्या स्टुलावर ठेवून माणूस निघून जायचा.

सचिन फर्स्ट शिफ्ट सोडून चाकणहून आला होता. अंगात कंपनीचा युनिफॉर्म, गळ्यात कार्ड. तो पॅसेजमध्ये बसलेला असताना वॉर्डातला माणूस ओरडला, “पॉझिटिव्ह पेशंटचं कोण आहे?”

सचिननं मला नंतर सांगितलं की त्यानं इकडेतिकडे बघितलं. त्याला वाटलं, कुणाचं बिचाऱ्याचं आहे? कुणीच उठलं नाही. मग त्या माणसानं माझं नाव वाचलं.

तो आत आला तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. माझ्याकडे बघितलंच नाही. विमलला म्हणाला, “आई, तुला?”

“मला नाई. दरसाली तपासते मी.”

“दरसाली?” तो म्हणाला. “किती साल झाले?”

विमलनं सांगितलं. तो खाली वाकून बुटाची लेस बांधत बसला. लेस सुटलेली नव्हती.

*

घरी सोडताना एका तरुण डॉक्टरनं सात औषधं वाचून दाखवली. त्यातल्या दोन, रक्त पातळ करणाऱ्या, पेनानं गोल करून दिल्या. “ह्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. चुकवल्या तर स्टेंट बंद पडेल. कळलं ना काका? डायरेक्ट बंद.”

कोलेस्टेरॉलचीही एक गोळी होती, मोठ्या ताकदीची. विमलनं विचारलं, “आणि यांच्या आधीच्या गोळ्या?”

“त्या?” डॉक्टरनं फाइल मिटली. “त्या चालू ठेवा.”

त्या कुठल्या, हे त्यानं विचारलं नाही. डबी आमच्या पिशवीतच होती, आम्ही काढून दाखवली नाही. त्या हॉस्पिटलात सगळ्यांनी माझा आजार बघितला. गोळ्या कुणी बघितल्या नाहीत.

*

आता जे सांगतो ते हळूहळू झालं, म्हणूनच कळलं नाही.

आठवड्याभरात मांड्या दुखायला लागल्या. घाट चढून आल्यावर दुखतात तशा, पण मी तर खोलीतल्या खोलीत फिरत होतो. दंडावर, बीपीचा पट्टा बांधतात तिथे, जांभळाएवढा डाग उठला आणि पसरत गेला. दात घासताना थुंकी लाल यायची. विमलनं हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं की अटॅकनंतर अशक्तपणा असतो, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या आहेत तर थोडं होणारच.

अटॅक येऊन गेलेल्या माणसाला अंगातला प्रत्येक ठोका ऐकू येतो. जिना चढताना छातीत धडधडलं की मी मध्येच कठडा धरून थांबायचो, हाच तो, असं वाटायचं. मांड्या दुखल्या तरी वाटायचं हृदयच आहे. माझं सगळं लक्ष छातीकडे होतं, आणि भलतीकडेच घर जळत होतं.

दुखणं सहन होईना म्हणून मी चौकातल्या मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या. चिठ्ठी नव्हती. त्यानं मागितलीही नाही. दिवसाला दोन घ्यायला लागलो. विमलला सांगितलं नाही. ही माझी चूक, दुसऱ्या कुणाची नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी संडासात बसलो आणि मला उठता येईना. पाय माझे नव्हतेच. नळ धरून, भिंत धरून कसाबसा उभा राहिलो आणि खाली बघितलं. लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा होता.

मी पाणी ओतलं. बाहेर आलो. विमल म्हणाली, “एवढा येळ?” मी म्हणालो, “पेपर वाचत होतो.” आमच्याकडे पेपर येत नाही.

दोन दिवस मी पाणी ओतत राहिलो. का सांगितलं नाही, हे मला डॉक्टरांनी विचारलं, सचिननं विचारलं, आणि मी स्वतःलाही विचारतो. एवढंच खरं आहे की पुन्हा त्या लाल चिठ्ठीच्या पलंगावर झोपायची माझी हिंमत नव्हती. मरायची भीती होती, पण ती दुसरी होती. पहिली ही होती.

*

त्याच आठवड्यात सेंटरची तारीख होती. मी जाणार नव्हतो, पण गोळ्या संपत आल्या होत्या आणि त्या चुकवायच्या नाहीत हे अंगात भिनलेलं. सचिनची सेकंड शिफ्ट होती. तो मोशीहून आला आणि आम्हाला रिक्षात घालून स्वतः गाडीवरून मागे आला. त्या दिवसापर्यंत तो माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. ‘अण्णा, पाणी हवं?’ ‘अण्णा, सावकाश.’

जयश्री मॅडमनी डबी उलटी केली आणि मोजायचं सोडून माझ्या हाताकडे बघितलं.

“काका, हे काय लागलं?”

“लागलं नाही. अटॅक आला होता. स्टेंट टाकलाय.”

“कधी? आम्हाला कळवलं का नाही? कुठल्या गोळ्या दिल्यात?”

कागद घरी होता. त्या सचिनकडे वळल्या. “तुम्ही मुलगा ना? आत्ता घरी जा. घरात यांच्या नावाची जी काही गोळी, चूर्ण, तेल, सिरप असेल ते सगळं पिशवीत भरून आणा. उशीखाली असेल तेही.”

उशीखाली हा शब्द त्यांनी सहज वापरला असेल. मी विमलकडे बघायचं टाळलं.

सचिन अर्ध्या तासात परत आला. टेबलावर पिशवी उलटी झाली. हॉस्पिटलची सात औषधं, बीपीची जुनी गोळी, पोट साफ व्हायचं चूर्ण, आणि उशीखालचं अर्धं संपलेलं पाकीट. विमलनं ते बघितलं आणि माझ्याकडे बघितलं.

जयश्री मॅडम एकेक पाकीट वाचत बाजूला ठेवत गेल्या. दोन पाकिटं हातात घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. ते एखादं मिनिट असेल. मी छतावरचा पंखा बघत होतो आणि मनात म्हणत होतो, हसत बाहेर येऊ देत. त्या डॉक्टरांना घेऊनच बाहेर आल्या, आणि कुणी हसत नव्हतं.

डॉक्टर माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. “काका, लघवीचा रंग कसा आहे?”

विमल म्हणाली, “रंगाला काय झालं?”

मी सांगितलं. पहिल्यांदा, तिच्यासमोर. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

डॉक्टरांनी मला समजेल असं सांगितलं. माझ्या एचआयव्हीच्या गोळ्यांमधली एक गोळी अशी आहे की ती बाकीच्या काही औषधांचा शरीरातून बाहेर जायचा रस्ता अडवते. कोलेस्टेरॉलची गोळी मी एकच घेत होतो, पण आत ती साठत साठत कितीतरी पट झाली होती. तिनं स्नायू विरघळायला लागले होते, आणि ते लघवीतून जाताना मूत्रपिंड तुंबवत होते. रक्त पातळ करणाऱ्या एका गोळीचंही तसंच, म्हणून हे डाग. आणि वरून दुकानातली दुखण्याची गोळी, तिनं मूत्रपिंडाला शेवटचा धक्का दिला.

“म्हणजे कुठली गोळी वाईट?” विमलनं विचारलं.

“कुठलीच नाही मावशी. वेगवेगळ्या चांगल्या आहेत. एकत्र नाहीत.”

*

यानंतरचा तास मला आयुष्यात सगळ्यात वाईट गेला. अटॅकच्या वेळी निदान वेदना होती, विचार करायला जागा नव्हती. इथे मी खुर्चीवर शांत बसलो होतो आणि दोन्ही बाजूंना खड्डा होता.

रक्ताची गोळी चुकली तर स्टेंट डायरेक्ट बंद, हे माझ्या डोक्यात कोरलं गेलं होतं. आणि आता डॉक्टर म्हणत होते, ही गोळी अशीच चालू ठेवता येणार नाही. एचआयव्हीची थांबवली तर? त्यांनी मान हलवली. या दुसऱ्या टप्प्यातल्या, पहिल्या निकामी झाल्यावर दिलेल्या गोळ्या मनात येईल तशा थांबवायच्या नाहीत.

मी त्यांचा हात धरला. “साहेब, मग मी आज संध्याकाळी काय घेऊ?”

“तेच ठरवतोय,” ते म्हणाले. “तुम्ही ठरवायचं नाही. घाबरून एकही गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, एकही सुरू करायची नाही.”

त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. एकदा उचलला नाही. दुसऱ्यांदा ते कॅथलॅबमध्ये, म्हणजे स्टेंट टाकतात त्या खोलीत होते. तिसऱ्यांदा लागला. आमच्यासमोरच बोलले. आवाज चढला नाही कुणाचा. अर्धं इंग्रजीत होतं, पण एक वाक्य मला कळलं. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं आणि आमचे डॉक्टर म्हणाले, “हो, मलाही आत्ताच कळलं.” मग बराच वेळ नुसतं “हं, हं.” शेवटी रक्त पातळ करणारी ती गोळी बदलून दुसरी लिहिली, कोलेस्टेरॉलची तूर्त बंद, दुखण्याची कायमची बंद. एचआयव्हीच्या गोळ्या चालू. आणि मी त्याच दिवशी वरच्या मजल्यावर ॲडमिट.

दोन डॉक्टर माझ्याबद्दल एकमेकांशी पहिल्यांदा बोलले होते. तो फोन तीन आठवडे आधी झाला असता तर, असा विचार मी आजही करतो. पण मी तरी सेंटरला कुठे कळवलं होतं?

*

सरकारी वॉर्ड. खिडकीजवळचा पलंग. मी आधी पलंगाच्या दांड्याकडे बघितलं. चिठ्ठी नव्हती. सिस्टरनं सुई लावायला हातमोजे घातले, एकच जोडी, शेजारच्या पेशंटला घातले होते तसेच. मग उशी सरळ करताना हातमोजे काढलेल्या हातानं माझं डोकं वर उचललं. मला रडू आलं. तिला वाटलं सुई दुखली.

सलाइन सुरू झालं. लघवी प्लास्टिकच्या भांड्यात मोजून वहीत लिहायची, हे विमलचं काम. ती भांडं उजेडात धरून बघायची आणि चेहऱ्यावर काही दाखवायची नाही. पण तिचं तोंड वाचायला मला वहीची गरज नव्हती. पहिले दोन दिवस रक्ताच्या रिपोर्टमधला मूत्रपिंडाचा आकडा वाढतच गेला. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, उद्या हा आकडा खाली आला नाही तर डायलिसिसचा विचार करू.

डायलिसिस म्हटल्यावर मी हातपाय गाळले. विमलला म्हणालो, “मला घरी ने. जे व्हायचं ते घरी होऊ दे.”

ती एकदम चिडली. इतक्या वर्षांत इतकी चिडलेली बघितली नव्हती. “चौदा वर्सं तुमची डबी मी सांभाळली. पाहुण्यापासून लपवली, पोरापासून लपवली. तुमी माझ्यापासून लपवता व्हय? संडासात पानी ओतता? आता गप पडून ऱ्हावा.”

मी गप्प पडून राहिलो.

त्या दुपारी सचिन आला. विमलला चहाला खाली पाठवलं आणि स्टुलावर बसला. थोडा वेळ सलाइनच्या थेंबांकडे बघत होता. मग म्हणाला, “अण्णा, कसा झाला?”

या प्रश्नाची मी चौदा वर्षं तयारी केली होती. उत्तरं पाठ होती, एक दोन खोटीही. पण त्या दिवशी अंगात खोटं बोलायची ताकद नव्हती. मी त्याला खरं सांगितलं. इथे लिहिणार नाही, ते त्याचं आणि माझं आहे.

तो ऐकून घेऊन उठला, खिडकीशी गेला. मला वाटलं, आता हा जाईल आणि परत येणार नाही. तो पाठमोराच म्हणाला, “मला राग आहे तुमचा. लै दिवस राहील.”

“राहू दे,” मी म्हणालो.

“पूजाला सांगू का?” पूजा म्हणजे आमची सून.

“तुला वाटत असेल तर सांग.”

“तिला हॉस्पिटलच्या दिवशीच सांगितलंय,” तो म्हणाला. “तिनं विचारलं, अण्णांना डबा चालेल का सरकारी दवाखान्यात. आणलाय. बिनमिठाचा आहे, नावं ठेवू नका.”

मी दोन घास खाल्ले. मुगाची खिचडी होती. नावं ठेवण्यासारखीच होती. मी ठेवली नाहीत.

चौथ्या दिवशी आकडा वाढला नाही. पाचव्या दिवशी विमलनं भांडं उजेडात धरलं आणि ते खाली ठेवायचंच विसरली. डायलिसिस लागलं नाही.

*

घरी येऊन आता बरेच महिने झाले. मूत्रपिंडं पूर्वीसारखी नाहीत, पण चालतात. मांड्यांना ताकद यायला फार वेळ लागला. संडासात विमलनं भिंतीला दांडा बसवून घेतला आहे.

मी डॉक्टर नाही. कुणी माझं वाचून आपली गोळी बंद करू नये. माझ्या गोळ्या वेगळ्या, तुमच्या वेगळ्या. एवढंच सांगतो की आपला आजार सांगणं पुरेसं नाही, गोळ्यांची नावं सांगा. नाव येत नसेल तर डबी दाखवा. दुकानातून आणलेलीही दाखवा, गावाकडच्या वैद्याची पुडीही दाखवा. नवीन काही लिहून मिळालं तर पहिली गोळी पोटात जायच्या आधी सेंटरला विचारा. लाज वाटते, मला माहीत आहे.

भीती गेली का? नाही. पाय अवघडले तरी मी आधी लघवीचा रंग बघतो. नवीन डॉक्टरकडे जायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून जेवण जात नाही.

मागच्या आठवड्यात वाकडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. मोतीबिंदू आहे, डोळा लालही झाला होता. सचिन बरोबर होता. खोलीचं दार उघडंच, दाराबाहेर बाकावर चारपाच माणसं. डॉक्टर तरुण, घाईत. ड्रॉप लिहिता लिहिता म्हणाले, “आणखी काही औषधं चालू?”

मी हळूच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, “काय म्हणालात? जरा मोठ्यानं, काका.”

सचिननं तोंड उघडलं. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“मला एचआयव्ही आहे,” मी म्हणालो, “आणि ह्या गोळ्या चालू आहेत.” डबी टेबलावर ठेवली. डबीतल्या गोळ्या खुळखुळल्या. बाकावरच्या एका बाईंनी मान वर केली.

डॉक्टरांनी डबीवरचं नाव वाचलं. पेन थांबलं. मग त्यांनी अर्धवट लिहिलेली ओळ खोडली. “हा ड्रॉप नको. मी तुमच्या सेंटरच्या डॉक्टरांशी बोलतो आणि मग देतो. बाहेर बसाल पाच मिनिटं?”

आम्ही बाहेर बसलो. त्या बाई सरकल्या. जागा करून द्यायला की लांब जायला, मला कळलं नाही. मी विचारही केला नाही.

खाली आल्यावर सचिननं गाडी काढली आणि हेल्मेट हातात धरून उभा राहिला.

“घाबरला होता, अण्णा?”

“हो.”

“आणि आता?”

“आताही.”

“मी पण,” तो म्हणाला आणि किक मारली. “बसा. मला नीट धरून बसा.”